रुमालात बांधलेला समुद्र

पुण्यात राहून समुद्राचा इतिहास शोधते असं सांगितलं की लोक पहिलं हेच विचारतात, मग अलिबागला जाऊन राहा ना, इथे काय मिळणार, मुठेत काय गलबतं आहेत का. विचारणाऱ्यांचं चुकत नाही, समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर आणि मध्ये अख्खा घाट. पण माझं आजोळ रेवदंड्याचं, लहानपणापासून मे महिना तिकडे गेलेला, आणि गेली काही वर्षं मी जे करतेय त्यात माझ्या असं लक्षात आलंय की रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याची आठवण खाली आहे आणि तिचा कागद वर पुण्यात आहे, आणि या दोघांची गाठ कोणी घालून देत नाही. ती गाठ घालायची, बस, एवढंच माझं काम. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ मध्ये नाव बदललं, पण म्हातारी माणसं अजून ‘कुलाबा’च म्हणतात आणि जुने कागद शोधायचे तर आपल्यालाही तेच नाव घेऊन शोधावं लागतं.

कागद म्हणजे काय ते आधी सांगते. पुण्यात बंडगार्डनच्या बाजूला पेशवे दफ्तराची दगडी इमारत आहे, १८९१ मध्ये बांधून झालेली, खास कागद ठेवायलाच बांधलेली. आत मोडीतले कागद कापडात बांधून ठेवलेत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. असे हजारोंनी रुमाल. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून पुढच्या चारपाच वर्षांत त्यातलं निवडक छापून ४५ खंड काढले तरी ते सगळ्याच्या मानाने चिमूटभर. आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं, तिथेही तेच, कागदच कागद. मोडी शिकायची माझी सुरुवात अशीच झाली, की मामा सांगायचा त्या गोष्टी कुठेतरी लिहिलेल्या असतील तर त्या माझ्या मला वाचता आल्या पाहिजेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसते, लिहिणाऱ्याचा बोरू एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत जवळजवळ उचललेलाच नसतो. पहिले काही महिने नुसतं डोकं धरून बसायचं. मग एक दिवस ‘गलबत’ हा शब्द ओळीतून आपणहून वर येतो, आणि मग ‘तांडेल’, ‘खलाशी’, ‘शीड’, ‘काथ्या’, आणि तेव्हा जे वाटतं ते मला नीट सांगता नाही येणार, पण त्यासाठी मी परत परत जाते.

यातली एक गोष्ट जरा सावकाश सांगते कारण ती मला फार आवडते. मराठेशाहीतल्या कागदांवर तारीख बरेचदा अशी असते की आधी ‘छ’, पुढे आकडा आणि पुढे मुसलमानी महिना, म्हणजे छ १४ रमजान वगैरे. इतिहासवाले लगेच जंत्री काढून त्याची इंग्रजी तारीख करतात आणि पुढे जातात, मीपण तेच करायचे. पण हा महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो, म्हणजे छ १ ला कोर आणि छ १४ च्या आसपास पौर्णिमा. मग समुद्राच्या कागदावर ही तारीख असेल तर त्या दिवशी पाणी कसं होतं तेही तारखेतच लिहिलेलं आहे की! छ १४ असेल तर उधाणाची भरती, आणि छ ७ असेल तर भांग, पाणी धड वर नाही धड खाली नाही. हे मी खाली रेवदंड्याच्या बाजूला एका नाखव्याला सांगितलं, सत्तरी ओलांडलेला माणूस, तर तो म्हणाला, “मंग येल पन काड ना.” आणि त्याने बोटावर हिशेब करून दाखवला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर आजही तिथले लोक हाच हिशेब करतात, फक्त भांगाच्या ओहोटीला पाणी पुरतं हटत नाही हे लक्षात ठेवायचं.

म्हणजे बघा, पुण्यात रुमालात तारीख आहे, रेवदंड्याला म्हाताऱ्याच्या बोटांवर तिचा तास आहे. दोन्ही एकत्र आणलं तर अडीचशे वर्षांपूर्वी एखादं गलबत खाडीतून कधी बाहेर पडू शकलं असेल ते कळतं. नुसत्या रुमालातून ते कळत नाही, नुसत्या नाखव्याकडूनही नाही.

पुण्याचं आणि समुद्राचं नातं लोकांना परकं वाटतं याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण पेशवे मुळात समुद्रावरचेच. भट घराणं श्रीवर्धनचं, हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत, बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे देशमुख, सिद्दीच्या जाचाने घाट चढून वर आलेले. आणि १७१३ मध्ये त्यांना पेशवाई मिळाली ती कशावरून, तर कान्होजी आंग्र्यांवरून. कान्होजी तेव्हा शाहूंच्या विरुद्ध बाजूला, लोहगड घेतलेला, आधीच्या पेशव्यांना, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलेलं. त्यांना समजावून शाहूंकडे वळवायचं काम बाळाजींनी केलं. किनाऱ्यावरचे दोघं जण, एकमेकांची भाषा कळणारे, बसले आणि बोलून मिटवलं. आपल्याकडे शनिवारवाड्यासमोर उभं राहून घोडदळाच्या, अटकेच्या गोष्टी सांगतात त्या सांगाव्यातच, पण या घराण्याची सुरुवात खाऱ्या वाऱ्यात झाली हेही कोणीतरी तिथे सांगायला हवं.

आणि त्याच्या पुढचंही सांगायला हवं, ते जास्त अवघड आहे. बाळाजींचे नातू नानासाहेब, त्यांनी तुळाजी आंग्र्यांशी बिघडल्यावर इंग्रजांची मदत घेतली. तुळाजी कान्होजींचा मुलगा. १७५५ मध्ये कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं. त्यातल्याच एका जहाजाला, आंग्र्यांनी आधी कंपनीकडून जिंकून आणलेल्या रिस्टोरेशनला, आग लागली आणि ती एकातून दुसऱ्यात पसरत गेली. एका दिवसात जवळजवळ सगळं जळालं. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाले आणि उरलेलं आयुष्य कैदेत. ऑक्टोबरमध्ये पुण्यात तह झाला, विजयदुर्ग मराठ्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलं.

तुळाजीने पेशव्यांना त्रास दिला होता, त्यांच्या मुलखात लूट केली होती, हे सगळं खरं. तरी मला आजपर्यंत असं कधी वाटलं नाही की तो निर्णय बरोबर होता. आपल्याच हाताने, दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार जाऊ दिलं. नंतर विजयदुर्गावर आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार पुन्हा उभं केलं, १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज पकडूनही आणलं, म्हणजे ताकद संपली नव्हती. पण मुंबईच्या इंग्रजांना समुद्रात आंग्र्यांचा जो धाक होता तो परत आला नाही. माझी भाची लंडनला असते, तिने मला तिथल्या शूटर्स हिल टेकडीवरच्या एका बुरुजाचा फोटो पाठवला. तीन कोपऱ्यांचा विटांचा उंच बुरूज, जेम्स गेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये बांधलेला, नाव सेव्हर्नड्रुग कॅसल. सेव्हर्नड्रुग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! तिकडे त्या लढाईचा बुरूज उभा आहे, लोक जिने चढून वरून लंडन बघतात. आपल्या पुण्यात, जिथे तो निर्णय झाला तिथे, एक साधी पाटीसुद्धा नाही. मला ती पाटी हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंचं खरं लिहिलेलं हवं आहे.

लढायांवर खूप लिहून झालंय, म्हणून मी हल्ली लढाया बाजूला ठेवून दुसऱ्याच गोष्टी शोधते. लाकूड कुठून यायचं, सुतार कोण, पावसाळ्यात जहाजं कुठे ठेवायची, खलाश्याला खायला काय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, साधारण १७१५ च्या सुमाराचं आहे ते, आरमारावर अख्खं प्रकरण आहे. त्यात पावसाळ्याचं इतकं बारीक लिहिलंय, समुद्र बंद होण्याच्या आठपंधरा दिवस आधीच आरमार छावणीला न्यावं, किल्ल्याच्या आसऱ्याने न्यावं, आणि दरवर्षी एकाच बंदरात नेऊ नये, कारण आरमाराच्या माणसांचा जाच एकाच गावाला कायमचा नको. गावाचा एवढा विचार! आणि लाकडाचं तर त्याहून. साग वगैरे जंगलातून परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, ही झाडं वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जुनं होऊन कामातून गेलं असेल तरच, तेही मालकाला राजी करून, पैसे देऊन.

हे मी कुंडलिकेच्या खाडीकाठी एका सुतारकाकांना वाचून दाखवलं. ते तेव्हा एका जुन्या लाकडी बोटीच्या खाली उकिडवे बसून फळ्यांच्या फटी भरत होते. कापसाची लांब वात वळायची, ती तेलात भिजवलेली, फटीवर ठेवायची आणि बोथट छिन्नीने ठोकत ठोकत आत बसवायची. दर दोन बोटांवर एक ठोका, आणि कान तिकडे. आधी आवाज पोकळ येतो, वात भरत गेली की बद्द होत जातो, पूर्ण बद्द झाला की पुढे सरकायचं. ते बघून बघून ठोकत नव्हतेच, ऐकून ठोकत होते. मी वाचत होते तेव्हा हात थांबला नाही, पण फणसाचं आलं तिथे थांबले आणि म्हणाले, “बरोबर हाय. झाडवाल्याला राजी करूनच आनायचा, नायतर ती बोट लाभत नाय.” तीनशे वर्षांपूर्वीचं सरकारी फर्मान आणि त्यांच्या घरातली समजूत, एकच. त्यांना आज्ञापत्र माहीत नव्हतं आणि माहीत असायची काही गरजही नव्हती. मी मात्र ते वाक्य त्या दिवशी वहीत दोनदा लिहून काढलं. आता बहुतेक काम फायबरचं, लाकडी बोटीची डागडुजी वर्षातून एखाददुसरी येते असं ते सांगत होते, मुलगा पेणला कंपनीत आहे. म्हणून मी त्यांचे हात व्हिडिओत धरून ठेवलेत, छिन्नीच्या आवाजासकट, आवाज महत्त्वाचा म्हणून माइक जवळ धरून.

मागे गेलं तर हा किनारा फारच मागे जातो. चौल, रेवदंड्याला लागून, ग्रीक-रोमन लोकांच्या लिखाणात सिमिल्ला नावाने येतं. अरब त्याला सैमूर म्हणायचे, अल मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ मध्ये चौललाच उतरला, त्याचा स्तंभ रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे, मामाबरोबर भाजी आणायला जाताना आम्ही त्याच्यासमोरून जायचो. आपल्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी चौलला उत्खनन करून जुनं बंदर उजेडात आणलं, म्हणजे परत तेच, समुद्र खाली आणि अभ्यास पुण्यात. आणि माल तिथे थांबत नव्हता, घाट चढून वर यायचा. जुन्नरजवळचा नाणेघाट, कार्ल्याची लेणी ही अशाच वाटांवरची. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांची, नावं कोरलीत, सोपाऱ्याहून आलेल्याचंही नाव आहे. लोणावळ्याला चिक्की घेऊन परत फिरतो आपण, वर लेण्यात ही नावं वाचता येतील एवढी समोर आहेत.

कोर्लईचं एक सांगायलाच हवं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी, एक छोटी वस्ती अजून पोर्तुगीजातून आलेली बोली घरात बोलते. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, सत्ता गेली, बोली राहिली, आज पावणेतीनशेहून जास्त वर्षं. तिथल्या बायका माझ्याशी मराठीत बोलतात आणि मध्येच नातवाला हाक मारून वेगळंच काही सांगतात.

आणि नवगाव. अलिबागच्या उत्तरेला, किनाऱ्यावर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, बाकीच्यांना तिथेच पुरलं. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांची आडनावं या किनाऱ्याचा नकाशाच आहेत, नवगावकर, किहीमकर, पेणकर. आता रास्ता पेठेत या. तिथे बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, सक्कथ शेलोमो, १९२१ चं. नवगावच्या वाळूत सुरू झालेली गोष्ट पुण्यात पेठेत येऊन राहिली आहे. तिथल्या एका आजोबांशी मी बोलले तेव्हा ते म्हणाले, “आमच्या घरी नवगावला जाणं म्हणजे गावी जाणं.” माझं रेवदंडा तसं त्यांचं नवगाव, दहा-वीस किलोमीटरच्या अंतरातले आम्ही शेजारीच.

आता रामदास बोटीबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला रामदास आगबोट रेवसला निघाली. गावाकडे सण, आषाढ संपत आलेला, बोट गच्च भरलेली. इंडियन को-ऑपरेटिव्ह नावाच्या देशी कंपनीची बोट, त्या कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे आणि तिच्या बोटींना संतांची नावं असायची. कासा नावाच्या समुद्रातल्या खडकाच्या बाजूला पावसाची जोरदार सर आली, भिजू नये म्हणून माणसं एका अंगाला सरकली, बोट कलली, वर मोठी लाट आली आणि काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, त्यामुळे मुंबईला कळायलाच दुपार उलटली, तोपर्यंत काही जण पोहत निघालेले आणि काहींना कोळ्यांच्या होड्यांनी उचललेलं. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, वादळात तुकाराम आणि जयंती या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या.

पुण्यात एका वाचनालयात मी या किनाऱ्यावर बोलत होते, स्लाइड लावून, साधारण चाळीस-पन्नास माणसं. रामदासचा नकाशा पडद्यावर आला आणि मी भाऊचा धक्का, रेवस, मध्ये कासा असं दाखवत होते. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या, नऊवारी नाही, साधी कॉटनची साडी, हातात पर्स. म्हणाल्या, “माझे काका होते त्यात. गिरणीत होते, सणाला येत होते.” आणि बसल्या. नंतर सगळे गेल्यावर थांबल्या. त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं, की रेवसच्या धक्क्यावर घरची माणसं बैलगाडी घेऊन थांबली होती, बोट उशिरा येणं नेहमीचंच म्हणून कोणी घाबरलं नव्हतं, संध्याकाळपर्यंत थांबली, बैलांना दोनदा पाणी दाखवलं. काका आलेच नाहीत, देहही नाही. आजींचं लग्न होऊन त्या कोथरूडला आल्या, संसार झाला, नातवंडं झाली, आणि इतक्या वर्षांत पुण्यात त्यांना याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. का विचारेल, पुण्यात कोणाला माहीत असतं रामदास?

मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, पण त्यांना विचारून, आणि नाव गाव कुठेही देणार नाही असं ठरवून. यावर मी ठाम आहे. अशा आठवणी गोळा करणारे काही लोक घरी जातात, मोबाईल तोंडासमोर धरतात, आणि रात्री ते सगळीकडे फिरत असतं. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर जाता कामा नये. आणि पहिल्या भेटीत मशीन काढूच नये. चहा घ्यावा, धक्का कुठे होता ते विचारावं, नकाशा जमिनीवर पसरावा. नकाशा पसरला की माणसं आपोआप बोलतात, बोट ठेवून बोलतात, “इथं नाय, जरा खाली, इथं पानी खोल.”

शोधलेलं पुण्यात बोलून दाखवलं की टाळ्या मिळतात, पण ते जिथलं आहे तिथे परत नेलं नाही तर मला ते अर्धवट वाटतं. म्हणून आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन लावायला सुरुवात केली. खर्चिक काही नाही, मोठ्या कागदावर छापलेले फोटो, नकाशे, मोडी कागदाची प्रत आणि खाली ते साध्या मराठीत, सगळं दोरीला चिमटे लावून टांगलेलं. प्रत्येक कागदाखाली एक कोरा कागद आणि पेन. मुलं आधी येतात, मग ती घरी जाऊन आजोबांना घेऊन येतात, आणि मग खरी मजा. एका जुन्या फोटोखाली आम्ही मचवा लिहिलं होतं, एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ताय, ह्याची नाळ बग, ह्यो आपल्या हितला नाय.” आणि कोऱ्या कागदावर नातवाकडून लिहून घेतलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कशी असते आणि कशी नसते. बायका कमी यायच्या, मग आम्ही वेळ बदलली, मासळीचा बाजार उठल्यानंतर लावलं, तर सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडूनच आली, बोटीत पाट्या कुठे ठेवायच्या, कोणत्या महिन्यात कुठल्या धक्क्यावर भाव, पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, आगबोटीत चढताना पोर कोणाच्या हातात द्यायचं. कुठल्या गॅझेटिअरमध्ये आहे हे? १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर उत्तम आहे, बंदरांची माहिती त्यात भरपूर, पण पोर कोणाच्या हातात द्यायचं ते साहेबाने विचारलंच नव्हतं.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार समुद्रावरचे. मला त्या दिवशी खूप आनंद झाला, खांदेरी तर आमची, १६७९ मध्ये इंग्रज तोफा डागत असताना मायनाक भंडाऱ्यांच्या माणसांनी दगडावर दगड चढवत उभी केलेली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांचं डव्ह जहाज धरलं ते तिथेच. आता किल्ल्यांकडे पैसा येईल, लक्ष जाईल, चांगलंच आहे. पण किल्ला दगडाचा असतो, तो थांबतो. बोट लाकडाची, ती थांबत नाही. जिल्ह्यात खाडीकाठी चिखलात पडलेल्या लाकडी बोटी मी बघते तेव्हा जीव तुटतो, दोन पावसाळ्यांत फळ्या निसटतात, मग कोणीतरी सरपणाला नेतं. एक, निदान एक जुनी शिडाची बोट छपराखाली, नीट, मुलांना हात लावता येईल अशी ठेवली पाहिजे. आणि तिच्या शेजारी ते सुतारकाका, जोवर आहेत तोवर.

पुण्यात कोकणातली किती घरं आहेत, धायरीत, कोथरूडला, चिंचवडला, मोजदाद नाही. बहुतेक घरांत ऐंशीच्या पुढचं कोणीतरी आहे ज्याने बोटीने प्रवास केलाय. रेवसच्या लाँचने, किंवा मोठ्या बोटीने दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी करत वेंगुर्ल्यापर्यंत. त्यांना या रविवारी विचारा. कुठल्या धक्क्यावर चढलात, पडावात कोणी उचलून ठेवलं, बोटीत जेवायला काय नेलं होतं, ओकारी लागली तर काय करायचे, बरोबर कोण होतं. ट्रंकेत तिकीट, पावती, फोटो असेल तर तो कोणाचा आणि कुठला हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, पेनाने नको, शाई पुढून फुटते. आणि ते फोटो मला दाखवा, मी घरी येईन, प्रत काढून मूळ तिथल्या तिथे परत करीन. पुढचं प्रदर्शन दिवाळीनंतर रेवसला लावायचं चाललंय, धक्क्याजवळच, आणि त्यात एक अख्खी भिंत पुण्यातल्या घरांमधून आलेल्या कागदांची ठेवायची आहे.